हायड्रोजनवर चालणारी मोटारगाडी

पेट्रोलच्या गाडीत इंधन जळते, तापलेला वायू दट्ट्यास ढकलतो व चाके फिरतात. हायड्रोजनच्या गाडीत ज्योत पेटतच नाही. तेथे इंधन-घट वीज तयार करतो व त्या विजेवर मोटर फिरते. विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञाने अशा घटाचे तत्त्व १८३९ सालीच दाखविले होते.

घटाची रचना अशी : मध्ये एक पातळ पडदा व त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा थर. एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या सान्निध्यात त्याच्या अणूतील प्रोटॉन व इलेक्ट्रॉन विलग होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेतात. हाच विजेचा प्रवाह होय. पलीकडे हवेतील ऑक्सिजनशी दोघांची गाठ पडून पाणी बनते. एका घटातून एक व्होल्टहूनही कमी दाब मिळतो, म्हणून पुष्कळ घट एकास एक जोडून रचतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्टोबर २०२० मध्ये देशी घटावर चालणाऱ्या गाडीची चाचणी झाली. घट १० किलोवॉटचा. टाकीत सुमारे पावणेदोन किलो हायड्रोजन, हवेच्या दाबाच्या जवळजवळ ३५० पट दाबाखाली भरलेला. पल्ला अंदाजे २५० किलोमीटर. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच अशी बसगाडीही दाखविण्यात आली.

परंतु हायड्रोजन आयता मिळत नाही. तो काढावा लागतो. जगात आज तो बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेने पाण्याचे पृथक्करण करावे, तर एका किलोस ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. म्हणजे वरील टाकीस सुमारे ९० युनिट लागतील. तेवढ्याच प्रवासास बॅटरीच्या लहान गाडीस ४० युनिटांच्या आसपास पुरतात. तेव्हा लहान गाडीस बॅटरीच बरी. लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांस मात्र बॅटरीचे ओझे फार होते. तेथे हायड्रोजनचा विचार करणे योग्य ठरेल.

आम्हां भैरवगढ़च्या लोकांस हे समजावयास अवघड नाही. छापाचे कापड दुकानात कितीही स्वच्छ दिसो, त्याचा रंग धुतलेले पाणी कोठे गेले, हे क्षिप्रेकाठी जाऊनच पाहावे लागते. तसेच, गाडीच्या नळीतून केवळ पाणी निघते एवढ्यावर समाधान मानू नये. हायड्रोजन कशापासून काढला आणि त्यास लागलेली वीज सूर्याची की कोळशाची, हे आमच्या विद्यार्थ्यांनी आधी विचारावे.