‘सध्या’ पंखेवालं

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ पेढे घेऊन आले. मुलगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणून लागली होती. ती सोबतच होती. मी विचारलं, "कुठल्या विमानावर गं?" ती बोलणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "सध्या एटीआर. ते पंखेवालं हो! पण होईल पुढे मोठं, अमेरिकेला जाणारं." मुलगी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण पुन्हा पुन्हा नीट लावत बसली.

आईबाबांनो, आज मला त्या ‘सध्या’बद्दल बोलायचंय.

हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. मी लहान विमानं चालवत होतो तोवर आमचे वडील, अण्णा, कुणी विचारलं तर "विमानात आहे" एवढंच सांगायचे. बोइंगचं मोठं ट्रिपल सेव्हन मिळालं आणि साताऱ्याच्या घरी पोस्टमनलासुद्धा थांबवून "लंडनला असतो हो" सुरू झालं. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागायचं.

पण आतलं गणित ऐका. मुंबई ते न्यूयॉर्क म्हणजे पंधरा-सोळा तास. एवढ्या पल्ल्याला वैमानिक चार. दोघं पुढे बसतात, दोघं छताजवळच्या बंकमध्ये आडवे होतात, मग पाळी बदलते. जाऊन-येऊन विमान उतरणार दोनदा, आणि माणसं चार. म्हणजे दोघांच्या हाताला त्या फेरीत लँडिंग मिळतच नाही. आमचा नियम असा, की ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली पाहिजेत. नाही भरली तर सिम्युलेटरमध्ये जाऊन भरायची. मी भरली आहेत. महिनाभर महासागर ओलांडणारा माणूस विमान उतरवण्याचा सराव करायला जमिनीवरच्या डब्यात जाऊन बसतो, हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही.

एटीआरवरची ती पोरगी एका दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करते. त्यातली दोन लँडिंग तिची. जुलैत कोल्हापूरला ढग खाली आलेले, वारा आडवा, धावपट्टी ओली, आणि उतरायचं की वळून परत जायचं हे थोडक्या वेळात ठरवायचं. शिमल्याजवळ जुब्बडहट्टीला डोंगराचा माथा सपाट करून केलेली धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ ३,४५० मीटर आहे. लेहला तर एअरबससारखी जेट विमानंच जातात, पण पल्ला दिल्लीपासून तास-सव्वातासाचा. विमानतळ ३,२५० मीटर उंचीवर, हवा विरळ, चहूकडे डोंगर आणि दुपारी वारा उठतो म्हणून उड्डाणं बहुधा सकाळीच उरकतात. लेहला नियमित जाणारा कॅप्टन भेटला की आम्ही लांब पल्ल्यावाले जरा सरसावून बसायचो. आणि पंख्यांचं म्हणाल तर एटीआरचे ते पंखे फिरवणारं आतलं इंजिनही टर्बाइनचंच असतं. जवळच्या पल्ल्याला ते कमी इंधनात काम करतं, म्हणून ते आहे.

लांब पल्ला म्हणजे नुसती झोप, असं मात्र समजू नका. अटलांटिकच्या मध्यावर कुणाच्या छातीत दुखू लागलं तर जवळचा विमानतळ तास-दोन तासांवर. तिथलं हवामान काय, एवढं मोठं विमान तिथे उतरेल का, तीनशे माणसांची पुढे सोय काय, हा सगळा हिशेब रात्री तीनच्या मेंदूने करायचा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला विमान आणलं. ते काम मोठंच. ग्रीनलँडकडचं आकाश हिरवं होऊन हलताना मी पाहिलंय आणि ते कुणाला नीट सांगता आलेलं नाही. पण म्हणून ते शिखर आणि बाकीच्या पायऱ्या, हे काही मला पटत नाही.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला एका इंजिनाच्या पुस मॉथमधून कराचीहून जुहूला टपाल आणलं. १९४८ मध्ये त्यांच्याच कंपनीचं विमान मुंबईहून लंडनला गेलं. आणि १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांना एक उड्डाण पुन्हा करावंसं वाटलं. ते लंडनचं नव्हे, कराची-मुंबईचं. तसल्याच एका चिमुकल्या विमानातून.

पैशाचं मला कळतं. अर्धा-पाऊण कोटी घालून, प्रसंगी घर गहाण टाकून मुलाला शिकवल्यावर आईबाप हिशेब मांडणारच. पण मांडायचाच तर कमांडचा, म्हणजे कॅप्टनपदाचा मांडा. खांद्यावर चौथा पट्टा चढला की पगार उडी मारतो, आणि बहुतेक ठिकाणी लहान विमानाचा कॅप्टन मोठ्या विमानाच्या फर्स्ट ऑफिसरपेक्षा जास्त मिळवतो. त्यासाठी लागणाऱ्या परवान्याला १,५०० तासांचा अनुभव हवा. ते तास एटीआरवरही भरतात. मोठ्या विमानावर मात्र सीनियॉरिटीच्या रांगेत वर्षानुवर्षं सहवैमानिकाच्या उजव्याच खुर्चीत बसलेले मित्र मला माहीत आहेत.

आणि झोप. लेकीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी न्यूजर्सीच्या हॉटेलात, काळे पडदे ओढून झोपायची खटपट करत होतो. फोन आला, तर आधी ‘किती वाजले’ विचारलं, मग ‘किती टक्के’. तिने ते अजून सोडलेलं नाही. देशांतर्गत विमानांवरही पहाटे तीनला गाडी दारात येते, सण बुडतात. पण बऱ्याच रात्री आपल्या उशीवर जातात. चाळिशीनंतर हे पारडं कुठे झुकेल, ते तुमच्या मुलालाच ठरवू द्या.

त्या गृहस्थांना मी तेव्हा एवढंच सुचवलं, की फोनवर ‘मोठं विमान कधी’ विचारू नका, ‘आज लँडिंग कुणी केलं’ विचारा. आम्ही एकमेकांना तेच विचारतो.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला त्यांनी बेल वाजवली. हातात कागद-पेन. "आज तिने उतरवलं म्हणे. क्रॉसविंड होता म्हणाली, पंधरा नॉट. म्हणजे नेमकं काय हो?" बायकोने चहा टाकला. मी जेवणाच्या टेबलावर एक चमचा धावपट्टी म्हणून आडवा ठेवला आणि त्यांना नाक वाऱ्यात तिरकं धरून आणायचं कसं, ते दाखवू लागलो. उठले तेव्हा सव्वाअकरा झाले होते.