राजीनाम्यावर सही करू नकोस

पोहरादेवी, ता. मानोरा

चि. सौ. भाचीस,

तुझे पत्र पोचले. सातव्या महिन्यात रजेचा अर्ज देताच ‘पद कमी झाले आहे, स्वखुशीने राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला लगेच देऊ’ असा निरोप यावा, हे वाचून अंतःकरण संतप्त झाले. तथापि या घटकेस सावधपणाच अधिक उपयोगी, म्हणून निक्षून लिहितो की, सही करू नकोस. काढून टाकलेल्या स्त्रीच्या पाठीशी कायदा उभा राहतो. आपण होऊन गेलेलीची कैफियत फार दुबळी पडते, आणि हे मालकास पुरते ठाऊक असल्यामुळेच दाखल्याचे आमिष दाखविले जाते.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, रजेच्या काळात तिला बडतर्फ करणे बेकायदेशीर ठरते, आणि गंभीर गैरवर्तन वगळता गरोदरपणी आधीच काढले तरी तिचा लाभ बुडत नाही, ही 1961 च्या प्रसूती लाभ अधिनियमातील तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. तू कंत्राटी आहेस म्हणून कचरू नकोस. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदार स्त्रियांनाही सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हा हक्क दिला.

हा हक्क कोणाची मेहेरबानी नव्हे. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे अशी बाजू मांडली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. असे असूनही मुकादमाची उचल घेऊन तांड्यावरून ऊसतोडीला जाणारी आपली लेकबाळ दिवस भरत आले तरी फडात मोळ्या वाहते. तिच्यापर्यंत हा कायदा अद्याप पोचलेला नाही, याची मला फार खंत वाटते. तुझ्यापर्यंत तो पोचला आहे, तर तो सोडू नकोस.

नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, हजेरी, डॉक्टरांचा दाखला आणि मोबाईलवरचे निरोप यांच्या नकला आजच करून ठेव. रजेची नोटीस लेखी देऊन पोच घे. काढल्याचा हुकूम हाती पडलाच, तर त्या तारखेपासून 60 दिवसांच्या आत तुझी नोकरी पुण्यात असल्याने तेथील कामगार खात्यातील सक्षम अधिकाऱ्याकडे अपील दाखल झाले पाहिजे. ही मुदत बाळंतपणासाठी थांबत नाही, म्हणून अर्जाचा मसुदा आताच तयार करून मजकडे रवाना कर, मी वकिलांना दाखवून परत धाडतो.

तुझा,
मामा