हेमंत-शिशिरातील गृहवायू : ‘निवात’ म्हणजे बंदिस्त नव्हे

प्रस्तावना

मार्गशीर्ष ते माघ या काळात श्वास, कास व प्रतिश्याय यांचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. अशा रुग्णांना आपण दही, केळी, थंड पाणी, रात्रीचा प्रवास इत्यादी हेतू आवर्जून विचारतो. मात्र रुग्ण रात्रीचे आठ-दहा तास ज्या खोलीत काढतो, तेथील हवेविषयी क्वचितच विचारणा होते. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद, सायंकाळी धूप, रात्री डासांची कॉइल आणि प्रसंगी शेगडी, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. निदानपरिवर्जनाला चिकित्सेत अग्रस्थान देणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अनुयायांनी या हेतूकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

शास्त्रीय विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंतामध्ये उष्ण गर्भगृहाचा आश्रय सांगितला आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात तर निखाऱ्यांनी तापविलेल्या अंतर्गृहाचा उल्लेख येतो. एवढ्यावरून ‘हिवाळ्यात घर घट्ट बंद ठेवावे’ असा अर्थ काढला जातो. तथापि चरकाचार्यांनी आतुरालयाचे वर्णन करताना (सूत्रस्थान, अध्याय १५) ‘निवात’ या शब्दालगतच ‘प्रवातैकदेश’ हे विशेषण योजिले आहे. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, परंतु एका भागातून हवा खेळती असावी, हा त्याचा आशय होय. धूर व धूळ यांचा तेथे उपसर्ग नसावा, असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. कुमारागाराच्या वर्णनातही (शारीरस्थान, अध्याय ८) हीच दोन विशेषणे एकत्र येतात.

हिक्का-श्वासाच्या हेतूंमध्ये (चिकित्सास्थान, अध्याय १७) रज, धूम, वात, शीत स्थान व शीत जल यांची गणना आहे. शीत टाळण्यासाठी धूम घरात कोंडणे म्हणजे एक हेतू वर्ज्य करून दुसऱ्याचे सेवन करणे होय.

गृहवायुदुष्टीची प्रमुख कारणे

१) शेगडी व गॅस गिझर : कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची क्षमता ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक आहे. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवेचे येणे-जाणे होत असे. स्लॅबच्या घरात व सरकत्या काचांच्या खिडक्यांत ते होत नाही. म्हणून ग्रंथोक्त अंगारताप आजच्या बंद खोलीत जसाच्या तसा सांगणे धोक्याचे आहे. सूतिकेच्या खाटेखालील शेक-शेगडीस हे विशेषत्वाने लागू पडते, कारण त्याच खोलीत नवजात बालकही असते. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझरही तितकाच घातक होय.

शिरःशूल, भ्रम, हृल्लास व दौर्बल्य ही लक्षणे घरातील अनेकांना एकाच वेळी झाली आणि बाहेर पडताच कमी वाटली, तर पित्तप्रकोप समजून उपचार करीत बसू नये. रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. बोटाला लावावयाचे पल्स ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवे आकडे दाखविते, हे ध्यानात असावे.

२) कॉइल, उदबत्ती व धूप : २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे आढळले. तुलनेने मच्छरदाणी केव्हाही श्रेयस्कर.

३) ओल व बुरशी : बंद खोलीत वाळत घातलेले कपडे व न्हाणीघरातील वाफ यांमुळे थंड भिंतींवर पाणी साठून बुरशी धरते. अनेक श्वासरुग्णांत ती वेगाचे कारण ठरते.

४) बाहेरील हवा : हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच राहते व धूर-धूळ तिच्यात अडकते. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरांनी पहाटे खिडक्या उघडण्यापेक्षा ऊन चढल्यावर, साधारण ११ ते ४ या वेळेत, समोरासमोरील खिडक्या अर्धा तास उघडाव्यात. रात्री वाऱ्याचा झोत अंगावर येणार नाही अशा बाजूची खिडकी बोटभर उघडी असावी.

धूपनाचे तारतम्य

धूपन हा आपल्या शास्त्राचा मोलाचा विधी आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणितागारासाठी सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सांगितले. काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्यायच आहे. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या २००७ मधील प्रयोगात औषधी धुराने बंद खोलीतील हवेतील जिवाणू तासाभरात ९४ टक्क्यांहून अधिक घटले. परंतु जिवाणू घटणे व श्वसनास अपायकारक सूक्ष्म कण घटणे या भिन्न गोष्टी आहेत. धुराने पहिले साधले तरी दुसरे वाढतातच. म्हणून धूपन हा वास्तूचा संस्कार समजावा, रुग्णाच्या श्वसनाचा नव्हे. धूमपान हे निराळे कर्म असून त्याचे द्रव्य, काल व अधिकारी स्वतंत्र आहेत.

आम्ही पुढील नियम पाळावयास सांगतो :

• धूपनाच्या वेळी रुग्ण, बालक व गर्भिणी यांनी खोलीबाहेर असावे.
• दहा बाय दहा फुटांच्या खोलीस चहाच्या चमचाभर भरड पुरे.
• १५ मिनिटांनी खिडक्या उघडून, धूर पूर्ण निघून गेल्यावरच प्रवेश करावा.
• निखारे घराबाहेर नेऊन विझवावेत.
• तमकश्वासाच्या रुग्णाच्या शयनगृहात धूपन टाळावे. नवजात बालकास प्रत्यक्ष धुरी देऊ नये; त्याचे कपडे अन्यत्र धूपित करून, झटकून वापरावेत.

औषधविक्रेत्यांनी धूपचूर्णाच्या पुडीवर हेच नियम मराठीत छापून द्यावेत. कृत्रिम सुगंध व कोळशाची पूड असलेले धूप ‘हवा शुद्ध करणारे’ म्हणून विकू नयेत.

रुग्णपरीक्षेतील प्रश्न

श्वास-कासाच्या प्रत्येक रुग्णास हिवाळ्यात पाच प्रश्न विचारावेत : झोपण्याच्या खोलीत रात्री काय जळते? खिडकी किती उघडी असते? भिंतीस ओल आहे काय? पाणी कशावर तापते? घराबाहेर मुक्काम केल्यास त्रास कमी होतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असल्यास औषधयोजनेसोबत गृहशोधनाचा सल्ला द्यावा.

उपसंहार

तुळशीच्या कुंड्या किंवा सुगंधी द्रव्ये यांनी कोंडलेल्या हवेची शुद्धी होत नाही. दूषित हवेला बाहेर वाट देणे हाच मुख्य उपाय आहे. उष्णता पांघरूण, अभ्यंग, उष्ण जल व उष्ण आहार यांतून घ्यावी, धुरातून नव्हे. ‘निवात’ व ‘प्रवातैकदेश’ ही दोन पदे रुग्णास एकत्रच समजावून सांगितली, तर या ऋतूतील अनेक वेग औषधाआधीच टळतील.