नवा असेंबल पीसी मधेच बंद पडतो? पार्ट बदलण्याआधी बंद पडण्याचे प्रकार वेगळे करा

या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर सगळं करून दाखवलंय. इथे तोच क्रम आणि आकडे लिहून देतोय, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसल्यावर व्हिडिओ पुन्हा पुन्हा पॉज करायला नको.

केस पावणे गावातली आहे. आपल्या बॅचमधले एक फॅब्रिकेटर, खाली वर्कशॉप आणि वर घर. आसपास टीटीसी एमआयडीसी, त्यामुळे ग्रिल, शेड, रॅक अशी कामं सुरूच असतात. मुलगा इंजिनिअरिंगला. तो ग्राहकाला शेडचं थ्रीडी ड्रॉइंग करून दाखवतो, म्हणून मशीन दणकट घेतलं: आय७-१४७०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० कार्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम. पार्ट लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि पोराने घरीच जोडले. त्याच मशीनवर वडिलांची टॅली आणि जीएसटीचं काम.

पहिल्या आठवड्यापासून मशीन मधेच बंद पडायला लागलं. कधी दिवसातून तीनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं. कोणी म्हणालं एसएमपीएस बदला, कोणी म्हणालं मदरबोर्ड गेला, आणि बहुतेकांनी सांगितलं, "अरे, हे इंटेलचं ते बदनाम प्रोसेसर आहे." मला फोन आला तो एवढ्यासाठीच: "सर, प्रोसेसर बदलूनच टाकू का?"

मी विचारलं, बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? उत्तर आलं, "बंद पडतो म्हणजे बंद पडतो!"

खरी गोम इथेच आहे. 'बंद पडणं' या एका शब्दात किमान चार वेगळे आजार बसतात. लाइट गेल्यासारखा फटकन बंद होणं हा एक. निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होणं हा दुसरा (विंडोज ११च्या नव्या अपडेटमध्ये ती स्क्रीन काळी झालीय, घाबरू नका, प्रकार तोच). चित्र गोठून माउससुद्धा न हलणं हा तिसरा. आणि फक्त एखादा प्रोग्रॅम उडणं, बाकी मशीन चालू, हा चौथा. चारही एका पोत्यात भरले की 'रँडम' वाटणारच. पोतं उपसून ढीग वेगळे केले की प्रत्येक ढिगाला आपापलं वेळापत्रक निघतं.

आधी नोंद, मग स्क्रूड्रायव्हर

निळी स्क्रीन डोळ्यांना दिसायच्या आत मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं, त्यामुळे पहिला आणि दुसरा प्रकार माणसाला सारखाच भासतो. म्हणून विंडोजच्या 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये जा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. आता निळी स्क्रीन आली तर ती थांबून राहील आणि मोबाइलवर फोटो काढता येईल.

दुसरं, सर्च बॉक्समध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद शोधा. ही नोंद पाहून लोक "पॉवर सप्लाय गेला" असा निकाल देऊन मोकळे होतात. ते चूक आहे. ४१चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं.

कारणाचा धागा त्याच नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये आहे. तिथे 'बगचेककोड' बघा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही: म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प'समोर शून्य सोडून आकडा असेल तर बहुधा कोणीतरी बटण दाबून धरून बंद केलं आहे; घरात विचारा. बगचेककोड शून्य नसेल तर ती निळी स्क्रीन होती. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो, स्क्रीनवरचा सोळाच्या पद्धतीत. २६ म्हणजे ०एक्स१ए, मेमरी मॅनेजमेंट. २९२ म्हणजे ०एक्स१२४, हार्डवेअरनेच केलेली तक्रार.

सोबत वहीत तीन रकाने: वेळ, काय चालू होतं, डोळ्यांना काय दिसलं. आठ दिवस. तोवर काहीही बदलायचं नाही. हे सांगितलं की लोकांना आवडत नाही, कारण पार्ट बदलल्यावर काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

पहिला ढीग: कोड शून्य

पावण्याच्या वहीत आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात शून्य कोडच्या. सातही कामाच्या दिवशी, वर्कशॉपच्या वेळेत, आणि सातही वेळा मुलगा रेंडर करत होता किंवा गेम खेळत होता. टॅली चालू असताना एकही नाही. मुलाने स्वतःच पुढे लिहिलं होतं: "पंखा मंदावला."

खाली वेल्डिंग मशीन. घराचं आणि वर्कशॉपचं मीटर वेगळं, पण आत येणारी सर्व्हिस केबल एकच. आर्क पेटला की वरचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं. गंमत अशी, की चांगला एसएमपीएस हा धक्का सहज पचवतो. १०० ते २४० व्होल्टवर चालणारे असतात ते. पचवला नाही तो यूपीएसने. व्होल्टेज पडल्याबरोबर त्याने बॅटरीवर उडी मारली, आणि बॅटरीवर तो लोड त्याला झेपला नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा होता. खोक्यावर ६०० मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात ३६० वॅट. पॉवर फॅक्टर हा शब्द तुम्ही वीजबिलावर पाहिला असेल, तोच इथे आहे: ६०० गुणिले ०.६. आता मशीनचा हिशोब करा. आय७-१४७०० पूर्ण जोरात २१९ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०७०ला २०० वॅट. हे दोघेच ४१९ झाले. मॉनिटर, राउटर त्याच यूपीएसवर. टॅली चालू असताना यातलं काहीच जोरात नसतं, म्हणून तेव्हा मशीन टिकत होतं.

हे घरी तपासता येतं. टॅली आणि सगळ्या फाइल बंद करा, काहीतरी जड रेंडर लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. मशीन टिकलं पाहिजे. इथे एक लांब बीप आली आणि सगळं काळं. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट बघा, आणि तुमच्या कमाल लोडच्या वर अंतर ठेवा. शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घ्या, कारण स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह काही आधुनिक एसएमपीएसना चालत नाही. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. किती ऑफिसांत पाहिलंय मी! कागद तापवायला तो क्षणात शेकडो वॅट ओढतो.

वर्कशॉपच्या घरात अर्थिंगही तपासून घ्या, पण लायसनवाल्या वायरमनकडून. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर कॉम्प्युटरवाल्याच्या आधी त्यालाच काम आहे.

दुसरा ढीग: निळ्या स्क्रीन

यूपीएस बदलला. सात नोंदी गायब. चार राहिल्या, आणि आता त्या स्वच्छ दिसू लागल्या: कोड २६, ८०, ५९, परत २६. दर वेळी वेगळा कोड येतो तेव्हा ड्रायव्हरपेक्षा रॅमवर संशय आधी घ्यावा. ड्रायव्हर खराब असेल तर बहुतेकदा तोच कोड आणि तेच फाइलचं नाव परत परत येतं.

रॅम ६४ जीबी, पण कशी? ३२चे दोन वेगळे किट, चार स्टिक, चारही स्लॉट भरलेले आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून वेग ६०००. दुकानदार सांगतो, "एक्सएमपी ऑन करा, पैसे वसूल होतील." इंटेलने या प्रोसेसरसाठी जाहीर केलेला कमाल वेग ५६०० आहे. म्हणजे ६००० हे ओव्हरक्लॉकिंगच झालं, आणि चार स्टिक लावल्या की खात्रीचा वेग त्याहून बराच खाली येतो. दोन स्टिकचं किट कंपनीने एकत्र तपासलेलं असतं. दोन वेगळी किट एकमेकांसोबत कोणीच तपासलेली नसतात.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्री लावला, वर्कशॉप बंद असताना, म्हणजे विजेचा प्रश्न मधे येणार नाही. चार स्टिक, एक्सएमपी चालू: पहिल्याच फेरीत लाल ओळी. पुढच्या रात्री चार स्टिक, एक्सएमपी बंद: चारही फेऱ्या स्वच्छ. तिसऱ्या रात्री एकाच किटच्या दोन स्टिक, एक्सएमपी चालू: स्वच्छ. एका रात्रीत एकच बदल, हे पाळलं म्हणून निकाल वाचता आला. स्टिक सगळ्या चांगल्या होत्या, जुगाड जमत नव्हता. त्यांना मोठ्या ड्रॉइंगसाठी ६४ जीबी हवीच होती, म्हणून एक्सएमपी बंद ठेवलं. खर्च शून्य.

तापमानावर मी फार वेळ घालवत नाही. कूलरखालचं प्लास्टिक काढलंय ना आणि मदरबोर्डजवळची प्रोसेसरची ८ पिनची वायर पूर्ण बसलीय ना, एवढं बघा. आजचे प्रोसेसर तापले की आधी हळू होतात.

मग इंटेलचं काय?

ती गोष्ट खोटी नाही. १३व्या आणि १४व्या पिढीतल्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि मायक्रोकोडचे अपडेट काढले: ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. आय७-१४७०० त्या यादीत आहे. म्हणून मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून ताजं बायोस टाकायचंच, आणि यूपीएस धड झाल्यावर टाकायचं. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. हे अपडेट पुढचं नुकसान टाळतात, झालेलं नुकसान भरून काढत नाहीत. रॅम स्वच्छ, वीज स्वच्छ, बायोस ताजं, आणि तरी मोठी झिप फाइल उघडताना चूक येते, गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणतो, तर प्रोसेसरचा क्लेम करा. त्यासाठी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लागेल. असेंबल मशीनला एक वॉरंटी नसते, प्रत्येक पार्टची आपापली असते. कच्च्या बिलावर घेतलं असेल तर तिथेच विषय संपला.

टॅलीच्या डेटाचं आधी बघा

यात सगळ्यात धोकादायक काय होतं, तर मशीन बंद पडणं नव्हे. खराब चालणारी रॅम बंद न पडताही चुकीचा आकडा डिस्कवर लिहू शकते. आणि त्या मशीनवर घेतलेला बॅकअप म्हणजे त्या चुकीचीच प्रत.

म्हणून हे तपास सुरू करायच्या आधी टॅलीच्या डेटा फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि ट्रायल बॅलन्स, बँक आणि विक्रीचा एकूण आकडा छापील बिलांशी आणि बँक स्टेटमेंटशी जुळवा. टॅलीचं 'रिपेअर' प्रत घेतल्याशिवाय चालवू नका, आणि आजारी मशीनवर तर नकोच. पावण्याच्या केसमध्ये एका महिन्याची तीन व्हाउचर परत घालावी लागली. महिन्याचं जीएसटीआर-१ ११ तारखेला आणि ३बी २० तारखेला असतं. मशीनचा निकाल लागेपर्यंत ते तुमच्या सीएच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून भरा.