दोन सायकली आणि चौदा हजार मैल



या वेळच्या भित्तिपत्रकाचा विषय ‘प्रवास’ आहे. कुणी आगगाडीवर लिहिले आहे, कुणी होडीवर. बाईंनी मला सायकलच्या प्रवासावर लिहायला सांगितले, कारण आमच्या घरी दिवाळीपासून सायकलचीच गडबड चालू होती. ती काय ते मी शेवटी सांगणार आहे. आधी धडा.

ते दोघे कोण होते?

अमेरिकेत फॅनी बुलक वर्कमन नावाच्या बाई होत्या. त्यांचा जन्म १८५९ साली झाला. त्यांचे पती विल्यम हंटर वर्कमन हे डॉक्टर होते. त्यांची तब्येत बिघडली म्हणून त्यांनी दवाखान्याचे काम सोडले आणि दोघे युरोपात राहायला गेले. तेथे त्यांना सायकलचा नाद लागला. त्या काळी सायकल ही नवी वस्तू होती. दोन सारख्या चाकांची, साखळीची, आपल्या आजच्या सायकलसारखी सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघाली. आधीच्या एका सायकलचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असायचे. पडला की डोकेच फुटायचे!

नव्या सायकलवरून या नवराबायकोने १८९५ साली स्पेन देश पाहिला. तेथे ते दिवसाला सरासरी ७२ किलोमीटर जात. कधी कधी तर १३० किलोमीटरसुद्धा. पुढे नोव्हेंबर १८९७ पासून त्यांनी आपल्या भारताची सफर केली. तेव्हा फॅनीबाई ३८ वर्षांच्या होत्या आणि डॉक्टर ५० वर्षांचे. भारताबरोबर श्रीलंका, म्यानमार आणि जावा हेही त्यांनी पाहिले. समुद्र आला की बोट, जमीन आली की सायकल. ही सफर सुमारे अडीच वर्षे चालली. सायकलवरचे अंतर झाले १४,००० मैल. तसे त्यांच्या १९०४ साली निघालेल्या पुस्तकाच्या नावातच लिहिलेले आहे.

सामान किती होते?

आपण एका दिवसाच्या सहलीला जातो तरी आई दोन पिशव्या भरून देते. ह्यांचे सामान एवढेच: चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातले मटण, पाणी, उशा, प्रत्येकी एक कांबळे, लिहायचे साहित्य, औषधे आणि सायकल दुरुस्तीची हत्यारे. बाकी वाटेत मिळेल ते. म्हणून ते शक्यतो रेल्वेच्या जवळच्या रस्त्याने जात, म्हणजे स्टेशनवर वस्तू मिळत. कुठे निवारा मिळाला नाही तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपत. कुठे डास, कुठे उंदीर. कधी प्यायला पाणी नाही, कधी जेवण नाही.

तेव्हा आपल्या केळवे रोडवरून जाणारी मुंबई-सुरत रेल्वेसुद्धा सुरू झालेली होती. ते दोघे आपल्या स्टेशनात झोपले होते का, असे मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, “आपल्याला ठाऊक नाही ते लिहायचं नाही.” म्हणून लिहीत नाही.

पंक्चर

१८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेले टायर लावले. त्याआधी भरीव रबर असायचे आणि खडकावर हाडे खिळखिळी व्हायची. हवेच्या टायरने धक्के कमी झाले, पण पंक्चर सुरू झाले. वर्कमन पतिपत्नींना भारतात एकेका दिवशी ४० पर्यंत पंक्चर काढावी लागली!

मी गणित केले. एका पंक्चरला १० मिनिटे धरली तर ४० पंक्चरला ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे. मग त्यांनी सायकल चालवली कधी? मी बाबांना विचारले. बाबा म्हणाले, “बाभळीच्या काट्यावरून गेलं की एकाच ट्यूबला पाच-सहा भोकं पडतात. ट्यूब एकदाच काढायची आणि सगळी एकदम बुजवायची.” म्हणजे माझे गणित बरोबर, पण विचार अर्धा.

पंक्चर कसे काढतात ते पाहा. ट्यूब काढून हवा भरायची. पाण्याच्या टबात थोडी थोडी बुडवत जायची. बुडबुडे येतील तेथे भोक. ती जागा पुसून कोरडी करायची, कानसेने किंवा काचकागदाने घासायची, सोल्युशन लावायचे, थोडे सुकू द्यायचे आणि वर रबराचा तुकडा दाबायचा. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला आहे का ते बघायचे. हे विसरलो तर नवे पंक्चर लगेच. मी हे स्वतः केलेले आहे.

अंतराचा हिशेब

१ मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. १४,००० ला १.६ ने गुणले तर २२,४०० किलोमीटर होतात. केळव्याहून पालघरला जायचे अंतर आपण १२ किलोमीटर धरू. जाऊन येऊन २४. आता २२,४०० भागिले २४. उत्तर ९३३ आणि बाकी ८. म्हणजे पालघरला ९३३ वेळा जाऊन यायचे आणि वर आणखी ८ किलोमीटर!

मी अडीच वर्षांच्या दिवसांनीही भागून पाहिले. दिवसाला सुमारे २५ किलोमीटर आले. मला वाटले, एवढे तर बाबाही जातील. पण बाई म्हणाल्या, सरासरी फसवते. ते रोज सायकल चालवत नव्हते. १८९८ च्या उन्हाळ्यात ऊन टाळण्यासाठी त्यांनी सायकली ठेवून दिल्या आणि हिमालयात पायी गेले. १४,००० ते १८,००० फूट उंचीच्या खिंडी त्यांनी ओलांडल्या. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या तिप्पट उंच!

पहाडात त्यांचे ओझे हमाल वाहत. हमालांशी त्यांचे सारखे खटके उडत, आणि पुस्तकांत त्यांनी हमालांच्या तक्रारी पुष्कळ लिहिल्या आहेत. यावर वर्गात चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, “बाई, हमालांनी पुस्तक लिहिलं असतं तर त्यात ह्यांच्या तक्रारी असत्या.” बाईंनी त्याला शाबासकी दिली. सायकलवर आपले ओझे आपणच न्यायचे असते, म्हणून मला त्यांची सायकलची सफर जास्त आवडली.

त्यांची मुलगी कुठे होती?

हा प्रश्न मी विचारला. त्यांना रेचेल नावाची मुलगी होती. तिचा जन्म १८८४ चा. आईबाबा भारतात आले तेव्हा ती १३ वर्षांची होती. तिला त्यांनी सोबत आणले नव्हते. तिला एक धाकटा भाऊ होता, पण तो १८९३ साली लहानपणीच आजारी पडून वारला होता. म्हणजे रेचेल एकटीच मागे राहिली. तेव्हा इतक्या लांब फोन करता येत नव्हता. पत्र बोटीने जायचे.

मला फॅनीबाईंचे कौतुक वाटते, पण येथे मला रेचेलचे वाईट वाटले. पुढे रेचेल खूप शिकली आणि खडकांचा अभ्यास करणारी भूगर्भशास्त्रज्ञ झाली. त्या काळी अशा बायका फार थोड्या होत्या.

फॅनीबाईंनी नंतर सायकल सोडून पर्वत धरले. १९१२ साली काराकोरममधल्या सियाचेन हिमनदीच्या भागात, सुमारे २१,००० फुटांवर, त्यांनी एक वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढून घेतला. त्यावर बायकांना मत द्या असे मोठ्या अक्षरात छापलेले होते. अमेरिकेत सगळीकडे बायकांना मताचा अधिकार १९२० साली मिळाला. फॅनीबाई १९२५ मध्ये वारल्या.

आपल्याकडचे सायकलवीर

सायकलने लांब जाणारे लोक फक्त परदेशातच झाले असे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी फेरी पुरी केली. ते १८ मार्च १९२८ ला परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर झाले. आणि २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या २० वर्षांच्या ताईने सुमारे २९,००० किलोमीटरची जगाची फेरी १५९ दिवसांत केली. ती बहुतेक वाट एकटीच होती. कॅनडात तिच्या मागे अस्वल लागले आणि स्पेनमध्ये चोरांनी तिला लुटले, तरी ती थांबली नाही.

आमच्या घरची सफर

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या आईचे माहेर चिंचणी. तिथे आजोबांचा पाय मोडला आहे, ते कुठे जाऊ शकत नाहीत. चिंचणीला जायचे म्हणजे आधी रिक्षा, मग गाडी, मग परत रिक्षा. सगळ्यांचे भाडे धरले तर बाबा म्हणतात, “पुढच्या महिन्यात बघू.” असे तीन महिने झाले. एके रात्री आई कुणाशी बोललीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी काकांची जुनी सायकल नीट करून आणली आणि आईला म्हणाले, “शीक.” आजी म्हणाली, “आता या वयात काय सायकल? लोक हसतील.” आणि लोक हसलेच. ओहोटीला समुद्रावर वाळू घट्ट होते, तेथे सुरूच्या बागेपाशी बाबा मागून कॅरिअर धरायचे आणि आई पायडल मारायची. चार वेळा पडली. कोपर सोलले. खेळणारी मुलं ओरडायची. आई घरी येऊन म्हणाली, “नको ते. पुरे झालं.”

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात फॅनीबाईंची गोष्ट सांगितली. मी घरी येऊन आईला सांगितली. आई भाजी निवडत होती. तिने विचारले, “किती वर्षांची होती गं ती?” मी म्हटले, अडतीस. आई म्हणाली, “मग मी चार वर्षांनी लहान आहे.” दुसऱ्या दिवशी ती परत समुद्रावर गेली.

जानेवारीत एका शनिवारी पहाटे आई आणि बाबा दोन सायकलींवर चिंचणीला निघाले. केळवे, माहीम, पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी. बाबांच्या अंदाजाने ४० किलोमीटर. मला नेले नाही. बोईसरला कारखान्यांचे ट्रक असतात म्हणून. मी रुसले, रडले, आणि आजीच्या हातचे जेवलेपण नाही. मग मला रेचेल आठवली. तिची आई अडीच वर्षे गेली होती, माझी दोनच दिवस. गणितात दोन दिवस फार कमी आहेत. तरी रात्री मला झोप आली नाही. आजीलाही आली नाही. ती दोनदा उठून ओट्यावर जाऊन आली.

रविवारी दिवेलागणीला घंटी वाजली. आईचा चेहरा उन्हाने काळा पडला होता. बोईसरला ट्रकची भीती वाटली म्हणून ती अर्धा तास सायकल हातात धरून चालली होती. येताना एक पंक्चर झाले, ते तिने आणि बाबांनी मिळून काढले. आजोबांनी तिला दारात सायकलवरून उतरताना पाहिले आणि ते शेजाऱ्यांना हाका मारू लागले, “बघा, माझी पोर सायकलनं आली!” हे सांगताना आई हसत होती आणि डोळे पुसत होती.

आजी काही बोलली नाही. तिने पाणी तापत ठेवले आणि विचारले, “पाय दुखतात का गं?”

आता आई दर महिन्याला चिंचणीला जाणार आहे. ‘पुढच्या महिन्यात बघू’ बंद झाले. आणि मी मोठ्या शाळेत गेले की ती काकांची सायकल माझी.

यातून आपण काय शिकलो?

१. लांबचा प्रवास थोडा थोडा करून पुरा होतो.
२. सामान थोडे घ्यावे, पण पंक्चरचे साहित्य विसरू नये.
३. शिकायला वय नसते. हसणारे हसून घरी जातात.
४. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याची आठवण ठेवावी.

पालकांनो, आपल्या वर्गातल्या काही मुली लांबच्या पाड्यावरून चालत येतात. मोठ्या शाळा आणखी लांब आहेत. मुलींना सायकल शिकवा. आणि ज्या आयांना येत नाही त्यांनी माझ्या आईला विचारा. ओहोटीच्या वेळी ती शिकवील असे तिने मला लिहायला सांगितले आहे.

सांगा पाहू

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर किती? त्याच्या जाऊन येऊन किती फेऱ्या केल्या म्हणजे २२,४०० किलोमीटर होतील?
२. टबातल्या पाण्यात बुडबुडे का येतात?
३. तुमच्या आजीला सायकल येत होती का? विचारून लिहून आणा.

इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, केळवे