ओसाड किल्ला आणि नांदती वाडी
(परिसर-अभ्यास : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

पाठाचा हेतू : जुन्या वास्तू कोणत्या कारणांनी नाहीशा होतात व त्या राखण्यास काय करावे लागते, हे विद्यार्थ्यांस दोन उदाहरणांवरून समजावून देणे.

पहिले उदाहरण. भाईंदरच्या पश्चिमेस, वसईच्या खाडीच्या मुखाजवळ चौक हे गाव आहे. तेथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. मुंबईतील धारावी निराळी, हे विद्यार्थ्यांस आधीच सांगावे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला. वसईस समुद्रमार्गे येणाऱ्या कुमकेवर चौकच्या उंचवट्यावरून नजर ठेवता येई. म्हणून 1737 ते 1739 च्या मोहिमेत या ठाण्यासाठी मराठे व पोर्तुगीज यांची झुंज झाली. 1739 मध्ये प्रथम धारावी मराठ्यांच्या हाती आली आणि त्यानंतर, मे महिन्यात, वसई पडली. फळ्यावर खाडीचा नकाशा काढल्यास हा संबंध मुलांस चटकन उमगतो. आज तेथे चिमाजी आप्पांचे स्मारक आहे; मूळ बांधकाम मात्र थोडेच उरले आहे. ज्या वास्तूचे काम संपते, तिची डागडुजी करण्याचे कोणास कारण उरत नाही. मग पाऊस आणि भिंतीत रुजणारी झाडे तिचा हळूहळू नाश करतात.

दुसरे उदाहरण नांदत्या वस्तीचे. मुंबईत गिरगाव भागात खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांचे नाव तीस मिळाले. त्यांच्या जागेवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. लाकडी व्हरांडे, उतरती छपरे व बाहेरून चढणारे जिने ही त्या घरांची खूण. यांतील पुष्कळ घरे आता उरलेली नाहीत.

येथे कारण उलट आहे. किल्ला ओसाड पडल्याने खचला. वाडीतील जागेस मागणी वाढल्याने घरे पडू लागली. जेथे एक बैठे घर असते, तेथे उंच इमारत बांधल्यास अनेक बिऱ्हाडे राहू शकतात. गिरगावातील चाळींची अडचण आणखी वेगळी. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे साधारणतः 1940 च्या पातळीवर बांधले गेले. भाडेकरूंस आधार मिळाला. पण त्या भाड्यात मालकास दुरुस्ती परवडेना. पुनर्विकास आला तो अशा जीर्ण घरांस उपाय म्हणून. गळक्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाची पक्क्या घराची मागणी गैर म्हणता येणार नाही.

कायद्याची मदत काय होते? राज्याने संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी 1960 चा कायदा आहे. मुंबईत 1995 च्या नियमांनी जुन्या वास्तूंची यादी होऊन त्यांच्या श्रेणी ठरल्या. परंतु यादीत नाव आल्याने छपराची कौले बदलली जात नाहीत. त्यास पैसा व कुशल सुतार-गवंडी लागतात.

शिक्षकांसाठी सूचना. 'जुने ते सोने' हा निष्कर्ष वर्गास आयता देऊ नये. गावातील एक जुनी वास्तू निवडावी : वाडा, चावडी, विहीर, देऊळ किंवा चर्च. मालकाची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांनी तिची लांबी-रुंदी मोजावी, दगड, लाकूड, चुना यांची नोंद करावी आणि वडीलधाऱ्यांकडून तिची माहिती मिळवावी. मोडकळीस आलेल्या भागाजवळ मुलांस जाऊ देऊ नये. नंतर वर्गात मालक, भाडेकरू व गवंडी अशा तीन बाजू वाटून देऊन चर्चा घ्यावी.

स्वाध्याय : 1. ही वास्तू कोणत्या कामासाठी बांधली? 2. आज ती कोणाच्या उपयोगी पडते? 3. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा?

नोंदवही तारीख घालून शाळेच्या दप्तरी ठेवावी. पुढे ती वास्तू पाडण्याचा प्रश्न निघाल्यास काय जाणार आहे, हे गावास त्या वहीवरून निश्चित कळेल.