गाडीच्या रंगावरचा हट्टी मळ

माझ्या पुतण्याने एक जुनी मोटार घेतली. रंग पांढरा. पाटी पिवळी, म्हणजे भाड्याला चालणारी गाडी. पतपेढीचे कर्ज काढले होते. लग्नसराईत गाडी भाड्याने द्यायची आणि त्यातून हप्ता फेडायचा, असा त्याचा हिशोब होता.

त्याच महिन्यात आमच्या रस्त्यावर नवे डांबर पडले. गाडीच्या दारांवर खालच्या बाजूला डांबराचे काळे ठिपके बसले. गाडी उभी असायची आंब्याखाली. आंबा मोहरला होता. मोहोरावर तुडतुडे पडतात, त्यांचा गोड चिकटा खाली गळतो. तो गाडीवर पडला, त्यावर धूळ बसली, आणि टपावर व पुढच्या झाकणावर काळपट थर धरला. पाणी मारून पाहिले. मळ हलेना.

मी म्हणालो, "अरे, तांब्याचा हंडा राखेने लख्ख होतो. हिचं काय एवढं? आण राख आणि काथ्या."

तो म्हणाला, "काका, चालंल का?"

मी म्हणालो, "चालतंय. घास तू."

आम्ही दोघांनी घासले. मळ गेला. मला मोठा आनंद झाला. सकाळी ऊन आले, तेव्हा पाहतो तो काय! झाकणभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. चकाकी गेलेली. त्याच दिवशी शेजारच्या गावचे लोक नवरदेवासाठी गाडी पाहायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "सांगतो मग," म्हणाले आणि गेले. परत आले नाहीत. पुतण्या मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेलो. तिथे गाड्यांना रंग देणारा एक कारागीर आहे. वयाने माझ्या मुलासारखा. जन्मभर मी शिकवले, त्या दिवशी शिकायला बसलो.

तो म्हणाला, "गुरुजी, हंडा घासला तरी खाली तांबंच. गाडीचं तसं नाही. खाली पत्रा. त्यावर अस्तर. त्यावर रंग. आणि आताच्या गाड्यांना सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. चकाकी असते ती त्या थराची."

मी विचारले, "हे सगळे मिळून जाडी किती?"

त्याने माझ्या वहीचे एक पान चिमटीत धरले. "सगळं मिळून एवढं. वरचा थर तर याच्या निम्मासुद्धा भरत नाही."

एक मिलिमीटरचे दहा भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी ही जाडी. आणि त्यावर आम्ही राख चोळली! कारागीर म्हणाला, "मळ घासायचा नसतो, गुरुजी. सोडवायचा असतो." कोणता मळ कशाने सुटतो, ते मग त्याने मला सांगितले. तुमच्या घरी गाडी असो, फटफटी असो, रीत तीच.

गाडी सावलीत घ्यावी. पत्र्याला हात लावून पाहावा. तापलेला असेल तर निवू द्यावा. आधी नुसते पाणी भरपूर ओतावे. धूळ म्हणजे बारीक रेतीच. ती वाहून गेल्याशिवाय फडके लावायचे नाही. मग दोन बादल्या घ्याव्या. एकीत गाडी धुण्याच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. फडके मऊ हवे. बटण किंवा जाड शिवण नको. टपापासून खाली पुसत यावे. फडके मळले की साध्या पाण्यात खळबळावे, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. चाके शेवटी, वेगळ्या फडक्याने. फडके मातीत पडले तर ते चांगले धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने रंग निस्तेज होतो.

आता डांबर. फणस चिरताना बायका हाताला तेल का लावतात? चीक पाण्याने जात नाही, तेलाने सुटतो. डांबराचेही तसेच आहे. फडक्यावर खोबरेल घ्यावे, ठिपक्यावर पाच-दहा मिनिटे धरावे आणि हलकेच पुसावे. एकदा नाही गेला तर पुन्हा धरावे. जोर करू नये. रॉकेलने काम लवकर होते, पण ते आता घरोघर नसते. असले तर फडक्याच्या टोकाला थोडेसेच घ्यावे. काहीही लावले तरी नंतर ती जागा शाम्पूने धुवावी. जवळ चूल नको, विडी नको. आणि पेट्रोल तर मुळीच घेऊ नये. त्याची वाफ लांबूनही पेट घेते.

आंब्याचा चिकटा म्हणजे साखरच. काकवी सांडून वाळली तर आपण काय करतो? ओले फडके ठेवतो. इथेही कोमट पाण्याचे फडके दहा मिनिटे पसरून ठेवावे, मग धुवावे. पाखरांची विष्ठाही अशीच भिजवून काढावी, पण त्याच दिवशी. उन्हात राहिली तर ती रंग खाते आणि तिथे डाग कायमचा पडतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही पडतात. तो क्षार. व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसावे आणि लगेच धुवून टाकावे. पण गाडी धुतल्यावर कोरडी पुसली तर हा डाग पडतच नाही.

सगळे झाल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून हात फिरवावा. खरखर लागली तर मळ अजून आहे. त्यासाठी दुकानात क्ले बार मिळतो. क्ले म्हणजे माती, पण नावावर जाऊ नका. ही शेतातली माती नव्हे, कुंभाराचीही नव्हे. कणकेसारखा मऊ गोळा असतो. शाम्पूचे पाणी शिंपडून तो अलगद फिरवतात. हातातून खाली पडला तर टाकून द्यावा, कारण त्यात खडे रुततात. शेवटी मेण लावावे, म्हणजे पुढचा मळ सहज निघतो.

आमच्या गाडीच्या झाकणाला कारागिराने पॉलिश मारून दिले. पैसे मी दिले. पॉलिशनेसुद्धा तो वरचा थर थोडा झिजतोच, म्हणून सारखे मारायचे नाही, असे त्याने बजावले. जाळे बहुतेक गेले. दोन ओरखडे खोल होते, ते राहिले. ऊन तिरपे पडले की दिसतात. गाडी आता गोठ्याच्या सावलीला असते. काथ्याचा बोळा वहिनींनी उचलून परत भांड्यांजवळ नेला आहे.